जुळे किरण आणि जॉन बेल

बेल हे आडनाव कानी पडले की आपल्या डोळ्यांसमोर दूरध्वनीचे जनक उभे राहतात. प्रस्तुत लेखाचे नायक ते नव्हेत. जॉन स्टुअर्ट बेल यांनी घरोघर पोहोचेल असे कोणतेही यंत्र बनविले नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला; आणि तो अशा बेताने विचारला की, जवळजवळ तीस वर्षे केवळ विद्वानांच्या वादात अडकलेला विषय प्रयोगशाळेतील मेजावर आणून ठेवता आला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाची गरज होती. एकाच क्षणी जन्मलेले, परस्परांशी नाते राखणारे दोन प्रकाशकण हवे होते. असा जुळा प्रकाश बोटाच्या पेराएवढ्या स्फटिकांतून काढण्याची विद्या पुढे विकसित झाली. बेल यांचे चरित्र सांगताना या स्फटिकांची हकीकतही सांगावी लागते, ती त्यामुळेच.

त्यांचा जन्म २८ जुलै १९२८ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट या शहरी झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. वडिलांनी निरनिराळे उद्योग केले, त्यांत घोड्यांची खरेदी-विक्रीही होती. मुलांनी शिकावे ही आईची तळमळ होती. परंतु चार भावंडांपैकी एकालाच माध्यमिक शाळेत घालण्याइतकी घरची ऐपत होती, आणि तो मान पुस्तकांत सदैव डोके खुपसून बसणाऱ्या जॉनला मिळाला. घरात त्याला स्टुअर्ट म्हणत, आणि थट्टेने प्रोफेसरही. तांत्रिक शाळेतील शिक्षण सोळाव्या वर्षी संपले. विद्यापीठात प्रवेशासाठी सतरा वर्षे पूर्ण हवी होती, म्हणून मधल्या वर्षासाठी नोकरीचा शोध सुरू झाला. अखेरीस १९४४ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागातच हा मुलगा प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. तेथील प्राध्यापक एमेलिअस आणि डॉ. स्लोन यांनी त्याला आपली पुस्तके वाचावयास दिली व पहिल्या वर्षाच्या व्याख्यानांना बसू दिले. साहाय्यकाच्या कामावर असलेल्या मुलाला वर्गात बसावयास सांगणारे वरिष्ठ सर्वांनाच लाभतात असे नाही.

पुढल्या वर्षी बेल रीतसर विद्यार्थी झाले. १९४८ मध्ये प्रायोगिक पदार्थविज्ञानाची व १९४९ मध्ये गणिती पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी संपादन केली. त्यांच्या शिक्षकांत जर्मनी सोडून आलेले पीटर पॉल एवाल्ड हे होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांचे अंतरंग उलगडणाऱ्या शास्त्राच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. ज्यांच्या सिद्धांताची कसोटी पुढे स्फटिकांतून निघालेल्या प्रकाशाने लागावयाची होती, त्या विद्यार्थ्याला स्फटिकशास्त्राच्या अशा अध्वर्यूने शिकवावे, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

विद्यार्थिदशेतच बेल यांच्या मनात पुंज यामिकीविषयी, म्हणजे अणूंच्या व प्रकाशकणांच्या वर्तनाचे नियम सांगणाऱ्या शास्त्राविषयी, असमाधान निर्माण झाले होते. हे शास्त्र आकडेमोडीत कधी चुकत नव्हते. परंतु आपण मोजण्यापूर्वी वस्तूची काय स्थिती असते, असे विचारले की ते मौन धारण करीत असे, किंवा प्रश्नच गैरलागू ठरवीत असे. वर्गात डॉ. स्लोन यांच्याशी त्यांचा यावरून खटकाही उडाला.

तथापि पोटासाठी नोकरी आवश्यक होती. १९४९ मध्ये ते ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुशक्ती संस्थेत दाखल झाले आणि लवकरच मॅल्व्हर्न या गावी कणवेगवर्धक यंत्रांची आखणी करणाऱ्या गटात गेले. तेथेच त्यांची मेरी रॉस या सहकारी शास्त्रज्ञ स्त्रीशी ओळख झाली. १९५४ मध्ये उभयतांचा विवाह झाला. मेरीबाई स्वतः वेगवर्धकांच्या जाणकार होत्या, आणि पतिपत्नींनी मिळून काही निबंधही लिहिले. १९६० मध्ये दोघेही जिनिव्हाजवळील सर्न या युरोपीय संस्थेत गेली आणि तेथेच स्थिरावली. तांबूस दाढीचे, सोळाव्या वर्षापासून शाकाहारी झालेले, बोलण्यात मृदू पण युक्तिवादात कठोर असे हे गृहस्थ संस्थेत ओळखले जात ते कणविज्ञान व वेगवर्धक यांचे तज्ज्ञ म्हणून. त्यांना पगार मिळत होता तो याच कामाचा, आणि ते काम त्यांनी कसोशीने केले. त्या क्षेत्रातही १९६९ मधील एका निबंधाने त्यांचे नाव कायमचे झाले. ज्या प्रश्नामुळे जग आज त्यांना ओळखते, तो मात्र त्यांच्या नेमून दिलेल्या कामात कोठेच बसत नव्हता. तो फावल्या वेळातला होता. आपल्यासारख्या नोकरदारांनी या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे.

हा प्रश्न कोणता? १९३५ मध्ये आइन्स्टाइन यांनी पोडोल्स्की व रोझेन या सहकाऱ्यांसह एक आक्षेप घेतला होता. घरगुती दृष्टान्त द्यावयाचा तर असा : वहाणांच्या एका जोडातील एकेक वहाण न पाहता दोन गाठोड्यांत बांधली, एक गाठोडे दिल्लीस व दुसरे मद्रासेस पाठविले. दिल्लीस गाठोडे सोडले, आत डाव्या पायाची वहाण निघाली. त्याच क्षणी मद्रासेस उजवी आहे हे कळले. यात नवल काहीच नाही, कारण कोणती वहाण कोठे गेली हे गाठोडी बांधतानाच ठरलेले होते. पुंज यामिकी म्हणते की, जुळ्या कणांच्या बाबतीत ते आधी ठरलेले नसते. एक पाहिला की दोन्ही ठरतात. आइन्स्टाइन यांना हे पटेना. त्यांचे म्हणणे असे की, गाठोडी बांधतानाच सारे ठरले असणार, शास्त्राला ते सांगता येत नाही इतकेच. नील्स बोर यांनी याचा प्रतिवाद केला. आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी बोर जिंकले असे समजून फाइल बंद केली. शिवाय फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९३२ च्या आपल्या ग्रंथात, आधी ठरलेले असे काही असूच शकत नाही, याची सिद्धताही दिल्याचे मानले जात होते.

१९५२ मध्ये डेव्हिड बोम यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि बेल चकित झाले. जे अशक्य म्हणून सिद्ध झाले होते, तेच बोम यांनी करून दाखविले होते! मग सिद्धतेत काहीतरी खोट असली पाहिजे. फॉन नॉयमन यांचा ग्रंथ तेव्हा जर्मन भाषेतच होता. सहकारी फ्रांझ मान्डल यांनी त्यातील आशय त्यांना समजावून सांगितला. शंका मनात राहिली, पण नोकरीच्या व्यापात दहाएक वर्षे तशीच गेली. १९६३-६४ मध्ये अमेरिकेत रजेवर असताना बेल यांना अवसर मिळाला, आणि त्यांनी दोन निबंध लिहिले. पहिल्यात त्यांनी जुन्या सिद्धतेतील उणीव दाखविली. दुसऱ्यात त्यांनी आपला जगप्रसिद्ध सिद्धांत मांडला.

पहिल्या निबंधाची कथा कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास ओळखीची वाटेल. नियतकालिकाच्या कार्यालयात दुरुस्त केलेली प्रत चुकीच्या जागी ठेवली गेली. संपादकांचे पत्र बेल जेथून केव्हाच निघून गेले होते त्या पत्त्यावर गेले. आणि आधी लिहिलेला निबंध १९६६ मध्ये, म्हणजे नंतरच्या निबंधामागून, छापून आला. दुसऱ्या निबंधासाठी त्यांनी एक नवे, अप्रसिद्ध नियतकालिक निवडले. कारण असे की, प्रतिष्ठित नियतकालिकांत छपाईचा खर्च लेखकाच्या संस्थेने द्यावा लागे, आणि आपण पाहुणे असताना यजमान संस्थेवर हा भार घालणे त्यांना प्रशस्त वाटेना. नवे नियतकालिक उलट लेखकालाच मानधन देत असे; निबंधाच्या जादा प्रती विकत घेण्यात ते मानधन बहुतेक संपले, ही गोष्ट अलाहिदा. ते नियतकालिक थोड्याच वर्षांत बंद पडले, आणि निबंधाकडे काही वर्षे जवळजवळ कोणाचेच लक्ष गेले नाही.

या निबंधात बेल यांनी वहाणांच्या दृष्टान्तापलीकडे एक पाऊल टाकले. प्रत्येक गाठोड्याला एकच प्रश्न न विचारता, वेगवेगळ्या प्रश्नांपैकी ऐनवेळी मनाला येईल तो विचारावा, असे त्यांनी सुचविले. प्रकाशाच्या बाबतीत हे प्रश्न म्हणजे ध्रुवण तपासणाऱ्या काचेचे निरनिराळे कोन. सर्व प्रश्नांची उत्तरे जर आधीच ठरून आत बांधलेली असतील, आणि दिल्लीतील कृत्याचा परिणाम तत्क्षणी मद्रासेस होत नसेल, तर दोन्हीकडील उत्तरांच्या जुळणीला एक मर्यादा पडते. पुढे १९६९ मध्ये क्लाउझर, हॉर्न, शिमनी आणि होल्ट या चौघांनी ती प्रयोगास सोयीच्या रूपात मांडली : एक ठराविक बेरीज २ च्या वर जाता कामा नये. पुंज यामिकीप्रमाणे मात्र ती २.८३ पर्यंत जाऊ शकते. दोन आकड्यांतील या फरकात साऱ्या वादाचा निवाडा होता. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बेल यांचा स्वतःचा कल आइन्स्टाइन यांच्याकडे होता. त्यांनी उभारलेल्या कसोटीत त्यांचाच पक्ष पणाला लागलेला होता.

१९७२ मध्ये जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी बर्कले येथे कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या जुळ्या प्रकाशकणांवर पहिला प्रयोग केला. क्लाउझर यांनाही आइन्स्टाइन यांची बाजू जिंकेल असे वाटत होते. निकाल पुंज यामिकीच्या बाजूने लागला. मध्यंतरी हार्वर्ड येथील एका प्रयोगात उलट उत्तर आले आणि संभ्रम माजला. १९७६ मधील प्रयोगांनी तो दूर केला. १९७५ च्या सुमारास आलँ आस्पे हा फ्रेंच तरुण आपली प्रयोगाची योजना घेऊन जिनिव्हास आला, तेव्हा बेल यांनी त्याला प्रथम विचारले ते त्याची नोकरी कायम आहे का, हे. या विषयाच्या नादी लागून तरुणांची कारकीर्द बिघडते याची त्यांना जाणीव होती. नोकरी कायम असल्याचे कळल्यावरच त्यांनी उत्तेजन दिले. आस्पे यांनी १९८१-८२ मध्ये केलेले प्रयोग, विशेषतः प्रकाशकण वाटेत असतानाच प्रश्न बदलण्याची युक्ती, यांनी बहुतेक शंकेखोरांचे समाधान केले.

परंतु अणूंतून मिळणाऱ्या या जुळ्या प्रकाशात एक मोठी अडचण होती. अणू दोन कण सोडताना स्वतः थोडा धक्का खातो, त्यामुळे एक कण इकडे आला तर दुसरा कोणत्या दिशेस जाईल याचा नेम नसतो. बहुतेक जोड्यांतील एक कण वायाच जात असे. ही अडचण स्फटिकांनी दूर केली.

साध्या काचेतून प्रकाश जातो तेव्हा काचेतील विद्युत्भार त्याच्या तालावर, त्याच्या बळाच्या प्रमाणात डोलतात. काही स्फटिकांत, लिथियम नायोबेट किंवा बेरियम बोरेट यांसारख्यांत, हे प्रमाण काटेकोर राहत नाही. म्हणून त्यांना अरेषीय म्हणतात. अशा स्फटिकात लेसरचा निळा वा जांभळ्यापलीकडचा प्रखर किरण सोडला असता कोट्यवधी कणांतून एखादाच कण मोडतो आणि त्याचे दोन कण होतात. मूळ कणाची ऊर्जा दोघांत वाटली जाते, आणि बेरीज चुकत नाही : एकाच्या वाट्यास कमी आले तर दुसऱ्याच्या वाट्यास तितकेच अधिक. एखाद्या चोख कारकुनाच्या जमाखर्चासारखा हा हिशेब आहे. संवेगाचाही हिशेब असाच जुळतो, म्हणून एकाची दिशा कळली की दुसरा कोठे शोधावा हे कळते. सोव्हिएत संघात क्लिश्को यांनी याची उपपत्ती १९६० नंतरच्या दशकात मांडली. १९७० मध्ये अमेरिकेत बर्नहॅम व वाइनबर्ग यांनी दोन्ही कण एकदमच येतात हे मोजून दाखविले. १९८७ मध्ये रॉचेस्टर येथे माँडेल व त्यांचे सहकारी हाँग आणि ऊ यांनी तर, सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यांतील एखाद्या भागाइतक्या अचूकतेने ही जन्मवेळ ताडून पाहिली. १९८८ पासून बेल यांच्या कसोटीचे प्रयोग स्फटिकांतील प्रकाशावर होऊ लागले. १९९० मध्ये असा एक प्रयोग रॅरिटी आणि टॅपस्टर यांनी प्रसिद्ध केला, तो मॅल्व्हर्न येथील. चाळीस वर्षांपूर्वी तरुण बेल यांनी जेथे नोकरी केली, तेच हे गाव.

स्फटिकाची आणखी एक खुबी सांगितली पाहिजे. स्फटिकातून निरनिराळ्या रंगांचा प्रकाश निरनिराळ्या वेगाने जातो. मूळ किरण आणि नवे किरण यांची पावले जुळली नाहीत तर एका ठिकाणी जन्मलेला प्रकाश पुढच्या ठिकाणी जन्मलेल्यास मारक ठरतो. पावले जुळविण्यासाठी स्फटिकातील द्विप्रणमनाचा उपयोग करतात. मात्र जाड स्फटिकात ही जुळणी रंगांच्या एखाद्या अरुंद पट्ट्यापुरतीच साधते. पातळ स्फटिकात पट्टा रुंद होतो, पण प्रकाश कमी मिळतो. रुंद पट्ट्याची गरज का, तर जितके अधिक रंग, तितकी जुळ्यांच्या जन्मवेळेची अचूकता अधिक, आणि तितका अधिक संदेश त्यांच्यावर लादता येतो. या पेचातून सुटण्यासाठी शास्त्रज्ञांनी स्फटिकाची अंतर्गत दिशा पट्ट्यापट्ट्यांनी उलटसुलट करण्याची कला साधली. पट्ट्यांची रुंदी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बदलत नेली की स्फटिकाचा प्रत्येक भाग वेगळ्या रंगांची जोडी देतो. एकेका कणाऐवजी अखंड जुळे झोत हवे असल्यास स्फटिक दोन आरशांमध्ये ठेवतात. १९८७ मध्ये पॅरिस येथे अशा दोन झोतांतील फरकाची थरथर सामान्य प्रकाशापेक्षा तीस टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात किंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइन्स्टाइन यांचा मूळ दृष्टान्तच अशा झोतांवर प्रत्यक्षात उतरविला. आरसे मात्र पट्टा अरुंद करतात. म्हणून २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आरसे वगळून, स्फटिकात कोरलेल्या सूक्ष्म पाटातून, सेकंदाला अडीच लाख कोटी कंपनांइतक्या रुंद पट्ट्याचा असा प्रकाश मिळविला.

या प्रकाशाचा आपल्या मुलखाशीही संबंध येऊ घातला आहे. गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणाऱ्या अमेरिकेतील दोन वेधयंत्रांत स्फटिकापासून मिळविलेला असा शांत प्रकाश २०१९ पासून वापरात आला. त्यातही कण जोडीजोडीनेच असतात. त्याच जातीचे यंत्र हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ही उपयोजना बेल यांची नव्हे, तिची वाट इतरांनी आखली. परंतु ज्योतिर्लिंगाच्या यात्रेस गेलेल्या आपल्यातील कित्येकांना हे वाचून बरे वाटेल, म्हणून उल्लेख केला. असो.

प्रयोगांचा निकाल बेल यांना हवा होता तसा लागला नाही. आइन्स्टाइन यांचे म्हणणे अधिक समंजसपणाचे होते, पण निसर्गाला ते मान्य नाही, अशी कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली. तरीही प्रचलित स्पष्टीकरण त्यांना शेवटपर्यंत रुचले नाही, आणि बोम यांच्या मार्गाविषयी त्यांना आपुलकी राहिली. गंभीर विषयात विनोदाची पेरणी करण्याची त्यांना हौस होती. सर्नमधील त्यांचे ऑस्ट्रियन सहकारी बर्टलमान हे दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालीत. बेल यांनी १९८१ मध्ये त्या मोज्यांवरच एक निबंध रचला, आणि आपला वहाणांचा दृष्टान्त मुळात त्या मोज्यांवरून सुचलेला आहे. १९८७ मध्ये त्यांच्या निबंधांचा संग्रह निघाला. प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की, हे निबंध पुन्हा चाळताना आपल्याला त्यांत सर्वत्र मेरीच दिसते. पुढे मानसन्मान मागोमाग आले. १९८८ मध्ये, जेथे त्यांनी प्रयोगशाळेत साहाय्यकाचे काम केले होते त्याच क्वीन्स विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने जिनिव्हा येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे बासष्ट. त्या वर्षी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले होते असे म्हणतात.

१९९८ मध्ये निकोला जिसाँ यांच्या गटाने जिनिव्हा शहरात एक प्रयोग प्रसिद्ध केला. शहरातील दूरध्वनी केंद्रात पोटॅशियम नायोबेटचा लहानसा स्फटिक ठेवला होता. त्यातून निघालेले जुळे कण दूरध्वनीसाठी टाकलेल्या काचतंतूंतून एक उत्तरेकडील बेलव्ह्यू या गावी व दुसरा नैऋत्येकडील बेर्ने या गावी गेला. दोन गावांतील सरळ अंतर १०.९ किलोमीटर, तरी बेल यांची मर्यादा ओलांडली गेली. २०१५ मध्ये व्हिएन्ना व बोल्डर येथे स्फटिकांतील प्रकाशावर, आणि त्याआधी थोडे दिवस डेल्फ्ट येथे हिऱ्यांच्या साहाय्याने, उरल्यासुरल्या मोठ्या पळवाटाही एकत्र बंद करण्यात आल्या. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना विभागून मिळाले.

बेलफास्ट नगरीने २०१५ मध्ये आपल्या या सुपुत्राचे नाव एका रस्त्यास द्यावयाचे ठरविले. रस्त्यास व्यक्तीचे नाव देण्यास तेथील नगरपालिकेच्या धोरणाची आडकाठी होती. मग बेल यांचे नाव न देता त्यांच्या सिद्धांताचे दिले. टायटॅनिक जहाज जेथे बांधले गेले त्या भागातील तो रस्ता बेल्स थिअरम क्रेसेंट या नावाने ओळखला जातो.